तिसरी बाजू

देवळाली कॅम्पात, लाम रोडच्या अलीकडे
लधारामचं भंगाराचं दुकान होतं.
बदली झाली की मेजर-कॅप्टन लोक
वेताच्या खुर्च्या, पाळणे, कुत्र्यांचे पट्टे
त्याच्या हवाली करून पठाणकोटला निघून जायचे.
तिथं, रिकाम्या बिस्किटडब्यांच्या खाली
मला ती मिळाली. अकरा रुपये.
दोन तबकड्यांचं पाकीट, आत एकच,
आणि वाळवीनं बँडचं नाव
शेवटच्या दोन अक्षरांपर्यंत खाल्लेलं.
खाली १९७२. चार केसाळ माणसं
मालट्रकच्या टपावर बसलेली, पाचवा खाली उभा,
बहुतेक त्याला वर जागा उरली नसावी.

भद्रकालीत मुनाफ मिस्त्रीच्या माळ्यावर
टर्नटेबल होतं, खाली पिठाची गिरणी.
गिरणी चालू असली की सुई उडायची,
म्हणून गिरणीवाला जेवायला गेल्यावर लावली.

आधी गाणं नाहीच.
आधी माणसं.
हजारेक माणसांचा श्वास, एक खोकला,
कुणाच्या हातून बाटली घरंगळली,
एक बाई लांबून हाक मारते, नाव कळत नाही.
मग ड्रमवाल्यानं काड्यांवर काड्या आपटत
चार मोजले
आणि मुनाफच्या भुवयांवरचं पीठ हललं.

तोवर मी पिक्चरची गाणी ऐकलेली,
बंद खोलीत धुऊन वाळवून घडी घातलेली.
या लोकांना पुढं काय येणार ते ठाऊक नव्हतं.
गिटारवाला चुकला, स्पष्ट चुकला,
कुणीतरी हसलं, बहुतेक तोच,
आणि त्या चुकीच्याच वाटेनं
सतरा मिनिटं चालत राहिला.
मुनाफ म्हणाला, "रस्ता चुकला गडी,
पण गाडी नाय थांबवली."

आमच्याकडची तबकडी दुसरी. म्हणजे बाजू तीन आणि चार.
मैफल अर्धी सरल्यावर आत शिरलेलो आम्ही,
सगळे घामानं भिजलेले, आम्ही दोघं कोरडे.

चौथ्या बाजूला एक ओरखडा होता.
तिथं सुई दोन ठोके गाळून पुढं जायची.
आम्हीही जायला शिकलो, मान न हलवता.
आणि त्याच्यानंतर लगेच गायक ओरडायचा,
"काम गेलं! काम गेलं!"

त्या साली सातपूरला आमच्या शेडचा भोंगा
वाजायचा बंद झाला.
बावीस दिवस गेटवर बसलो, मग हिशेब घेतला.
संध्याकाळी मी, मुनाफ
आणि स्प्रिंग खात्यातला निवृत्ती घुगे
कुठल्याशा परक्या गावच्या गर्दीत मिसळून
"काम गेलं" म्हणायचो, घसा फुटेस्तोवर.
खालून गिरणीवाला झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचा.
तेही तालात बसायचं.
निवृत्तीला इंग्रजी चांगलं यायचं.
त्यानं कधी काही सांगितलं नाही.

परवा शाल्मलीनं फोनवर बँड शोधून दिला.
नाव साधंच निघालं, एखाद्या रंगाच्या कंपनीला शोभेल असं.
पहिली तबकडी ऐकवली, एक आणि दोन.
बरी आहे. लोक अजून आपापली जागा शोधतायत.
मग तेच गाणं, स्टुडिओतलं: चार मिनिटं,
इस्त्रीचं, एकही माणूस खोकत नाही.
शब्द समोर लिहून आले.
"कमॉन, गेल." गेल म्हणजे कुणी मुलगी.
"बाबा, प्रेमाचं गाणं आहे हे."
म्हटलं, असेल.

रात्री निवृत्तीला फोन लावला.
तो सिन्नरला जावयाच्या पेट्रोलपंपावर बसतो.
"तुला माहीत होतं?"
"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "लाव की जरा."
चौथी बाजू लावली, फोनला फोन टेकवून.
मागं कुठंतरी डिझेल भरल्याचा आवाज,
इकडं तो खोकला, ती बाई, ती बाटली.
मग ओरखड्याची जागा आली
आणि तिथून दोन ठोके निघाले,
इतकी वर्षं गाळलेले, धडधाकट.

आम्ही दोघंही अडखळलो.
गायकाच्या आधीच ओरडून बसलो होतो.