ओव्हन चाळीसवर

हिंगणा एमआयडीसी, दुपारचे अडीच.
बाहेर सेहेचाळीस, कॉलमच्या ओव्हनमध्ये चाळीस.
मे महिन्यात अख्ख्या नागपुरात
भट्टीच तेवढी गार.

कुंदा ठवकर, नवी पोरगी, विचारते,
मॅडम, हा वजन कसं करतो?
करतच नाही, मी म्हणते.
फक्त वेळ लावतो.

फूटभर स्टीलची नळी,
आत मणी, पिठाहून बारीक, मण्यांना भोकं.
लांब साखळ्या त्यांत मावत नाहीत,
सरळ रस्त्याने निघतात, पहिल्या पोचतात.
आखूड मात्र बोळाबोळात शिरतात
इतवारीत आलेल्या पाहुण्यासारख्या,
हे दुकान, ते दुकान, मागची गल्ली,
आणि संध्याकाळ होते.
चाळणीचं उलटं, कुंदा.
इथे भरड आधी पडतं.

मग सरासऱ्या दोन कशाला?
एकीत डोकी मोजतात,
दुसरीत ज्याचं वजन त्याचं चालतं.
ती हसते, म्हणजे आमची ग्रामपंचायत.
आम्ही दोघींचा भागाकार लिहितो,
दोन पूर्णांक एक.
रंगवाल्याला तेवढंच हवं असतं.

तीन दहाला एसी गेला.
ओव्हनला तापवता येतं, निववता येत नाही.
एक्केचाळीस. साडेत्रेचाळीस.
उन्हात डांबर फुगावं तशी बेसलाइन उचलली.
छतावर रेवारामभाऊ कॉम्प्रेसरशी भांडत होते,
काहून बे, आत्ताच?

पंप एकदम बंद नको करू, म्हटलं,
हळूहळू उतरव. झटका बसला तर आतला थर फाटतो,
मग एका शिखराची दोन दिसतात
आणि चांगला नमुना खोटारडा ठरतो.

बावीस वर्षांपूर्वी मी एक पाडला होता.
फरशीवर. आवाज फार झाला नाही.
नखाते सर एवढंच म्हणाले,
आता तुझ्या हातून दुसरा पडायचा नाही.
तो अजून माझ्या खणात आहे,
दोन्ही टोकांना टोप्या, पगाराच्या स्लिपांखाली.
माझ्या बॅचचे सगळे बडोदा, हैदराबाद,
एक तर थेट ओहायोत.
मी कुठल्या बोळात आहे
ते विचारायला कुणाचा फोन येत नाही,
आणि खरं सांगू, बोळ वाईट नाही.

सव्वासहाला ओव्हन पुन्हा चाळीसवर.
कुंदा नमुना टोचते.
एक मिनिट, दोन, पाच,
पडद्यावर सपाट रेघ.
ती रेघेकडे बघते, मी तिच्याकडे.
काही चुकलं का, मॅडम?
थांब.
आधी मोठे येतील.