गेरचं पाणी

बाबा म्युनिसिपाल्टीच्या हायड्रंटवर.
रंगपंचमीला पहाटे पाचपासून
गेरचे टँकर भरून द्यायचे.
पाणी साधं. रंग पुढे कुणीतरी कालवायचं,
मल्हारगंजच्या वळणापलीकडे.

"आपला लेंट चालू आहे," म्हणायचे,
म्हणजे रंग नाही, खेळणं नाही.
पाणी मात्र द्यायचं.
पाण्याला नाही म्हणू नये.

आई खिडक्या लावून घ्यायची.
काचेवरून गुलाबी ओघळ उतरायचे
आणि धाकटी दीना
आतून जीभ लावून बघायची.

संध्याकाळी ते परतायचे कोरडे,
पांढरा सदरा जसाच्या तसा.
कुठून आले, ते फक्त चपला सांगायच्या.

एका वर्षी कॉलरवर बोटभर हिरवं.
टँकरवाल्या भंवरसिंगनं लावलं म्हणे,
"भिया, तुम्हारे बगैर कैसी गेर?"
मी हात धरला नाही त्याचा,
बाबा म्हणाले. एवढंच.

आईनं लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं,
शेवटी रविवारसाठी दुसरा सदरा काढून ठेवला.
त्यांनी तोच घातला.

प्रभुभोजनाची थाळी घेऊन
बाकाबाकापुढून गेले.
पाळकसाहेबांनी पाहिलं. एलिशाकाकांनी पाहिलं.
मागे कुणीतरी नको तितकं खोकलं.

माझ्यापुढे थांबले तेव्हा
भाकरीच्या तुकड्याआधी
मी कॉलरच पाहिली.
हिरवं विटलं होतं,
रंगासारखं राहिलंच नव्हतं.
शेवाळासारखं,
जे पाण्यापाशी उभ्या असणाऱ्यावर
आपोआप धरतं.