टाक

बाजार उठता उठता सोजरबाई आली.
पदराची गाठ सोडून काचेवर ठेवलं
रुपयाएवढं, मातीचं,
वरचं ओवायचं नाकं मोडलेलं.
"चांदीत बसवून द्या. थोरलीचा टाक हाय."

टाक मी ढिगानं ठोकलेत.
खंडोबा, येडाई, पितर,
आणि सवती. त्यांना एकच ठसा:
दोन ठिपके डोळे, आडवी रेघ तोंड.
हिला मात्र चेहरा होता.
सरळ नाक, जरा तोऱ्यातलं,
डोक्याभोवती पेडाची वेणी गुंडाळलेली,
कडेनं अक्षरं, कुठल्याच भाषेची नसलेली.

भिंग लावलं.
असलंच एक पाहिलंय तेरच्या संग्रहालयात.
कुलथे मास्तर सांगत होते,
समुद्रापल्याडच्या कुण्या राजाची बायको वारली,
त्यानं तिचं तोंड नाण्यावर उठवलं,
सोन्यात, चांदीत, तांब्यात,
आणि जाहीर केलं, ही आता देव झाली.
ती गलबतातून आली, बैलांवरून घाट चढली,
तेरणेकाठच्या एका कुंभारानं
तिला ओल्या मातीत दाबून घेतलं.
त्याला वाचता येत नव्हतं.
अक्षरांच्या झाल्या काड्या.

"कुठं घावलं?"
"पांढरीत. चुलीला माती आणाया गेल्ते.
केवळबाईचा फोटू न्हाई घरात एकबी.
सासू म्हणली, हीच आसंल. घाल गळ्यात."
अकरा वर्षं घातलं.
"पोरगं तापलं की आधी हिलाच सांगते.
तव्यावरची पैली भाकर हिची."

सांगावं की नको.
सवयीनं तराजूत टाकलं.
मातीला माझ्याकडं भाव नाही,
पारडं तरी खाली गेलंच.

मग सांगितलं सगळं. राणी, नाणं, गलबत.
देव झाली म्हणालो तेव्हा तिनं नुसती मान हलवली,
ते तिला नवीन नव्हतं.
बराच वेळ त्या नाकाकडं बघत राहिली.
"मंग हिच्या मागनं आली व्हती का कुणी?
तिनं घातलं व्हतं का हे?"

मास्तर ते बोलले नव्हते.
मीही विचारलं नव्हतं.

पट्टी वळवली, हळू, वेणीला न लागता.
मजुरीत तिनं वीस रुपये तोडले.
वहीत लिहिलं: टाक एक, मातीचा.
चांदी सव्वातीन ग्रॅम.
"नाव कुणाचं टाकू?"
काचेवरून उचलून तिनं ते पदराला पुसलं.
"केवळ लिहा," म्हणाली,
"तिचंच हाय."