रिकामं पेव

मिरजेच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
मुजावर मॅडमनी एक जाहिरात उलटी केली
आणि पाठकोऱ्या बाजूला पेनानं काळीज काढलं.
डाव्या वरच्या कप्प्याला जोडली एक पिशवी,
तोंड अरुंद, पोट फुगीर.
“ठोका बिघडला की रक्त इथं घुटमळतं, साकळतं.
एक गाठ सुटली, की थेट मेंदूत.”

आण्णा बराच वेळ बघत राहिले.
“हे तर पेव हाय की.”

हरिपुरात चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही.
जमिनीच्या पोटात हळद उतरवली,
तोंडावर फरशी, फरशीवर माती,
आणि पुढच्या भावाची वाट.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील जगला, तर माणूस.
एकदा शिवगोंडा थांबला नाही;
त्याचं नाव आमच्या घरात अजून हळू घेतात.

पाच सालच्या पुरात पेवं बसली.
हळद कोल्ड स्टोरेजला जाऊ लागली.
‘पेव फुटणे’ मी आठवीच्या वर्गात शिकवते तेव्हा
पोरांना वाटतं, फुगा असेल.

गेल्या दिवाळीपासून आण्णांची नाडी
तीन पावलं पळते,
मग पायरी चुकल्यागत थबकते.
रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली.
दाढी करताना साधा ओरखडा,
तर गंजीफ्रॉक भिजेस्तोवर वाहणं.
हळद दाबून बसले मोरीपाशी.
जिनं तळहाताच्या रेषा पिवळ्या केल्या
तिनंही त्या दिवशी ऐकलं नाही.
श्रावणात पोटात रक्तस्राव झाला, तीन बाटल्या चढल्या.
गोळी द्यावी तर हे,
न द्यावी तर बापूकाका.

बापूकाका, आण्णांचे थोरले.
चहा बशीत ओतता ओतता
बशी तिरकी होत गेली,
तिच्याबरोबर तोंड.
नऊ वर्षं झाली, एकच शब्द उरलाय: बरं.
भूक लागली, बरं.
काकू गेली, बरं.

“जांघेतल्या शिरेतून तार वर न्यायची,” मॅडम सांगत होत्या,
“मधल्या पडद्याला बारीक भोक,
आणि पिशवीच्या तोंडाशी जाळीची छत्री उघडायची.
महिना-दीड महिन्यात आतलं अस्तर तिच्यावर चढतं.”
“सारवण,” आण्णा म्हणाले.
“ठोका सरळ व्हईल?”
“नाही. तो असाच अडखळणार.
गोळ्याही लगेच सुटायच्या नाहीत.
धोका कमी होतो, आण्णा. संपत नाही.”
खर्चाचा आकडा त्यांनी माझ्याकडं बघून सांगितला.

आण्णांनी कागद जवळ ओढला.
“पण मॅडम, रिकामं पेव बंद कोण करतंय?”
“रिकामं आहे तोवरच करता येतं.
आधी घशातून नळी घालून बघायचं,
आत गाठ बसली नाही ना.”

तेव्हा ते हसले. कितीतरी महिन्यांनी.
“म्हंजे कंदील.”

परतताना एसटीत काही बोलले नाहीत.
डाव्या मनगटावर उजवा अंगठा,
ओठ हलत होते, मोजदाद जमत नव्हती.
हरिपुरात उतरल्यावर घराकडं न वळता
परीटांच्या नव्या बंगल्यामागं गेले.
चपलेच्या टाचेनं माती दाबून बघितली.
“इथं तोंड होतं,” म्हणाले.
आणि जरा वेळानं,
“मी बंद केलेलं परत्येक पेव उघडायसाठी होतं गं.
हे एकच...”
पुढं काही नाही. खोकले, निघाले.

रात्री मी बापूकाकांना भात भरवत होते.
आण्णा उंबऱ्यात बसून, त्यांच्याकडं पाठ करून, म्हणाले,
“सोमवारी भरती व्हतोय, दादा. काळजाचं तोंड लिंपायला.”

काकांनी घास गिळला.
उजव्या डोळ्यातून पाणी आलं, डावा कोरडाच.
“बरं,” म्हणाले.