घंटा माझ्याकडे होती

सोळा सप्टेंबर. उद्याच्या झेंड्यासाठी
मैदानावर फक्कीच्या रेघा ओढून झालेल्या.
आत तालुक्याची वादविवाद स्पर्धा,
फळ्यावर चित्रकलेच्या सरांचं वळणदार अक्षर:
'जुलमी हुकूमशहा हटवायला परकी फौज गेलीच पाहिजे.'
मी भूगोलाचा. परीक्षक नाही, वेळ पाहणारा.
एक मनगटी घड्याळ, एक पितळी घंटा,
चौथ्या मिनिटाला एक टोला, पाचव्याला दोन.

ज्या देशाबद्दल चाललं होतं
तो आमच्या नकाशात घडीवर येतो,
आणि घडी फाटलेली आहे.

प्रज्वल बिराजदार, नववी अ, बाजूने.
तुरुंग, खड्डे, रात्री घरातून उचललेली माणसं.
"आतल्याच्या हाताला साखळी असेल
तर कुलूप बाहेरूनच तोडावं लागतं, गुरुजनहो!"
मग तो घरी आला, म्हणजे आमच्या उमरग्यात:
नळदुर्ग, सोलापूरकडून आलेले रणगाडे,
रझाकारांची पळापळ, पाच दिवसांत खेळ खलास.
टाळ्या. मीही वाजवल्या, मनापासून.
माझ्या आज्याचा थोरला भाऊ दासराव
रझाकारांनी चावडीपुढं लिंबाला बांधून मारला.
आजा सांगायचा, धुरळा दिसला, आम्ही ज्वारीत दडलो,
मग कुणीतरी वरडलं, आरं ह्या गाड्या आपल्या,
तसा मी रस्त्यावर आडवा पडून रडलो.
फौज यावी का, असं त्याला कुणी विचारलं असतं
तर म्हणाला असता,
आठ दिवस आधी का नाही आली.

तहसीन जमादार, आठवी ब, विरोधात.
माईक तिच्या कपाळाएवढा उंच.
आधी तिनं मान्य केलं, रझाकार वाईट होते,
आमच्या पणजोबालाही त्यांनी चंद्यासाठी फोडून काढलं.
"ती फौज परकी कशी?" मागून एक पोरगा.
"तेव्हा नळदुर्गच्या पलीकडं करोडगिरीचा नाका होता,"
ती म्हणाली, "आपली का परकी, ते नंतर ठरतं."
"पाच दिवसांचं सगळे सांगतात.
मला सहाव्या दिवसाचं विचारायचंय.
फौज पुढं गेली,
आणि गावात नुसतं गावच उरलं."

चौथं मिनिट. मी टोला दिला.

"माझी पणजी हुसेनबी
दोन रात्री कडब्याच्या गंजीत होती.
घरी आली तर दाराला दार नव्हतं.
भांडी नव्हती. तिच्या लग्नातली तांब्याची देग..."

काटा बाविसाव्या सेकंदावर होता.
मी दोन टोले दिले.

ती थांबली. शिस्तीची पोर.
'धन्यवाद' म्हणून खाली उतरली.
कुणी आपल्या घड्याळात पाहिलं नाही.

आमच्या न्हाणीत एक तांब्याची देग आहे.
दिवाळीला तिच्यातच पाणी तापतं.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं,
उजवीकडून डावीकडं जाणारी,
आमच्यात कुणाला लागत नाहीत.
लहानपणी विचारलं तर चुलती म्हणाली, "ॲक्शनमधली हाय,"
जसं म्हणावं, बाजारातली हाय.
आजा शेजारीच सुपारी कातरत होता.
त्यानं ती डोक्यावरून आणली
का कुणी आणून दारात ठेवली,
विचारायचं राहिलं.

हुसेनबीचीच असेल असं नाही.
तालुक्यात देगा पुष्कळ होत्या.

प्रज्वलला पहिला नंबर.
तहसीनला उत्तेजनार्थ, शेरा: 'मुद्दे चांगले, समारोप अपुरा.'
स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, सर, तुमचं मत?
जावी, म्हणालो मी. आणि खरंच वाटतं, जावी.
दासरावाच्या बाजूनं मी अजून उभा आहे,
उद्या झेंड्यापुढंही त्याच्यासाठीच उभा राहीन.
फक्त चहा गिळता येईना.

फाटकापाशी ती आली, प्रमाणपत्राची सुरळी करून.
वहीच्या पुठ्ठ्यावर तिचं नाव दोन्ही लिप्यांत.
"सर, माझी वेळ संपली होती का?"

संपली होती, म्हणालो.