मागचं दार

निपाणीच्या वखारीत उभी होती,
चारही चाकांत हवा कमी, काचेवर तंबाखूची भुकटी,
छप्पर लांब, पाठ लांब,
चिखलातून उठायला तयार नसलेल्या म्हशीसारखी.
बाळगोंडा चौगुले म्हणाले,
"शहाण्णव सालची टाटा इस्टेट. हिच्यात मी
आईला मिरजेच्या दवाखान्यात झोपवून नेलंय."
मी म्हटलं, आईचं राहू दे, टायरचं बोला.

पंचेचाळीस हजार. त्यातले पाच गणपतीनंतर.

वडगावला आणली तशी गल्ली बाहेर आली.
"ॲम्ब्युलन्स घेतलीस काय गे?" शांतव्वानं विचारलं.
मला एवढंच बघायचं होतं,
मागची सीट पाडली की मागाचा रूळ मावतो का.
मावला. चार बोटं उरली.

उद्यमबागेत दस्तगीर मिस्त्रीनं बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
डॉक्टर असा गप्प झाला की आपण पिशवीतले पैसे चाचपतो.
मग म्हणाला, "अक्का, इंजिन चलो आहे.
बाकीचं सगळं त्याच्याभोवती उगीच जमलंय."

बुश कोल्हापुरात नाही, हुबळीत नाही.
पुण्याहून आला तो भलत्याच गाडीचा.
शेवटी कल्लाप्पानं जेवणाच्या सुट्टीत
पंपाचे नग बाजूला सारून लेथवर काढून दिला,
पितळी, हातात घेतला तर अजून गरम.
पैसे नको म्हणाला,
बायकोसाठी इरकल मागितलं.
रात्री हिशेब केला. बुश महाग पडला.

आणि कागद.
तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स,
शिक्का मराठीत, अर्ज कन्नडात.
मी सही केली. कारकून म्हणाला, "अल्ल री, इल्ली,"
बोट ठेवलं तिथं परत केली.
पेंटरनं एमएच शून्य नऊवर रंगाचा एक हात मारून
केए बावीस लिहिलं.
गाडी धुतली की ओल्या पाटीतून
जुना नंबर वर येतो, वाळेपर्यंत.
दस्तगीर विचारतो, अजून एक हात मारूया?
मी म्हणते, पोलिसाला दिसत नाही ना, मग असू दे.

तंबाखूचा वास मात्र गेला नाही.
लिंबू झालं, शाम्पू झाला, चार दिवस दारं सताड उन्हात.
सकाळी किल्ली अर्धी फिरवून
हीटरचा दिवा विझायची वाट बघायची,
आणि तो विझला की मला एक शिंक.
संकेश्वरात घडी उलगडली तर गिऱ्हाईकही शिंकतं.

वंटमुरीच्या घाटात एकदा काटा लालवर गेला.
पाऊण तास कठड्यावर बसले, पाय हलवत.
डिकीत हळदीचा डबा होता,
रेडिएटरला बारीक भोक पडलं तर मूठभर टाक,
असं दस्तगीरनं बजावलेलं.
विजापूरचा एक ट्रकवाला कॅन घेऊन उतरला.
माझे पिवळे हात बघून म्हणाला, "मदुवी एन री?"
मी म्हटलं, हौद री. दुसरेपणाची.
शेवटचा शब्द त्याला कळला की नाही कोण जाणे,
पण पाणी ओतताना त्याचे खांदे हलत होते.

मागचं दार आता आपणहून वर राहत नाही.
त्याचे दोन्ही दांडे मेलेत,
जोडीला जेवढे मागतात तेवढ्यात सुताचं एक गाठोडं येतं.
मी मागाची मोडकी काठी टेकवते.
बाजारात त्या दाराच्या सावलीत
बायका पदर ताणून बघतात, काठ नखानं खरवडतात,
रंग जाईल का विचारतात,
आणि काठी जराशी सरकते.

मी न बघता डावा हात वर करते,
बोलणं न थांबवता,
भाव न उतरवता.