भांग

एकेचाळिसाव्या दिवशी निवळकर सिस्टर म्हणाली,
काका, आज चमचाभर बर्फ देऊन बघू.
मला हसू आलं.
मिरकरवाड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
लाद्या फोडल्या मी,
फावड्याने लोटल्या ट्रॉलरच्या पोटात.
तोच हात चमचा धरताना थरथरला.

अनसूच्या जिभेवर ठेवला
तांदळाच्या कणीएवढा तुकडा.
गळ्यातल्या नळीच्या वर काहीतरी हललं.
पूर्वाला फोन केला, मेव्हण्याला केला,
खालच्या चहावाल्यालाही सांगून आलो:
गिळलंन.

तिसऱ्या रात्री ताप.
पहाटे छातीचा फोटो, त्यात पांढरा डाग.
नळी परत मशीनला.
बर्फ बंद. बोलणं तर आधीपासूनच बंद.
डॉक्टर म्हणाले, तुमचा दोष नाही,
भरती-ओहोटी समजा.
मी मान हलवली.
पण डॉक्टर, भरतीला हिशेब असतो.
तिथीची पाऊणपट केली की वेळ निघते,
आमच्यात शेंबडं पोरही सांगेल.
हिच्या तापाची तिथी
मी कुठल्या पंचांगात बघू?

जिन्यात बसून राहिलो.
बर्फाने आजवर कुणाचं वाईट केलं नव्हतं.
त्याच्यावर बंदर चालतं, त्याच्यावर हिची टोपली चालली,
आणि नेमका माझ्या हातचा...

शेजारचा साखरप्याचा म्हातारा
वॉकर घेऊन घरी गेला त्याच दिवशी.
पेढा दिला त्याने. मी खिशात ठेवला.
दोन दिवसांनी खिशात मुंग्या.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी,
टाचेखाली पाण्याने भरलेला हातमोजा.
सिस्टर म्हणाली, काका, कुठे शिकलात?

अष्टमीच्या सुमाराला पाणी आळसावतं,
धड चढत नाही, धड उतरत नाही.
भांग म्हणतो आम्ही त्याला.
तेव्हा रेतीत बसलेली होडी कोणी ढकलत नाही.
दोन्ही अंगांना टेकू लावायचे,
कलंडू द्यायची नाही,
तिच्याच सावलीत बसून राहायचं.
बाबा एकदा भाट्याच्या खाडीत पाच दिवस बसला होता.
चिडला तो शेवटच्या दिवशी,
तेही होडीवर नाही,
बिड्या संपल्या म्हणून.

मी बाबाएवढा चांगला नाही.
एका दुपारी ओरडलो तिच्यावर,
डोळे उघड गो, किती झोपशील!
अख्खा वॉर्ड बघायला लागला.
ती झोपली नव्हती.

सकाळी केस विंचरतो तिचे.
माझ्या हातून भांग वाकडाच पडतो.
घरी असती तर फणी हिसकावून घेतली असतीन.
इथे छताकडे बघते.
रागाने बघते की नुसतीच,
ते मला कळत नाही,
आणि छत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी
सिस्टरने पुन्हा चमचा पुढे केला.
म्हटलं, तू दे बाय, माझा हात नको.
ती म्हणाली, माझं कुठे ऐकतात त्या.

मी चमचा घेतला. तसाच धरून राहिलो.
तेव्हा चादरीवर तिचा उजवा हात,
मनगटापासून कधी न हललेला,
त्याची दोन बोटं सरळ झाली.
लिलावात अशीच करायची.
दोन म्हणजे दोन काय,
हे विचारायची कुणाची छाती नसायची.

मी विचारलं.
दोन तुकडे? दोन दिवस थांबू?
दोनशे?
तिने डोळे मिटले,
भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकासमोर
मिटायची तसे.

तोवर चमच्यात नुसतं पाणी.
ते मोरीत ओतलं
आणि सिस्टरला म्हटलं, ताजा आण.
वितळलेला हिला चालायचा नाही.